सहलीतलं एकच ठिकाण

आमची शाळा रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातली. खोपोलीकडे जाताना घाटावरून उतरणारे वीजघराचे जाडजूड नळ दिसतात. टाटांचं हे वीजघर १९१५ सालचं, मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवण्यासाठी बांधलेलं. मुंबई इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तरीही आठवीच्या वर्गात ‘मुंबई कुणी पाहिली आहे?’ असं विचारलं की थोडेच हात वर येतात, आणि त्यातलेही बरेचसे कुणाच्या तरी दुखण्याखुपण्याच्या निमित्तानं मोठ्या दवाखान्यात जाऊन आलेले असतात. बाकीच्या मुलांना मुंबई दिसते ती शाळेच्या सहलीतच.

म्हणून सहलीची यादी फुगते. एवढं मुंबईला जायचंच आहे तर गेटवे दाखवू, राणीची बाग दाखवू, तारांगण दाखवू, संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाऊ आणि रात्री परत येऊ. स्टाफरूममधला प्रत्येक जण आपलं एकेक ठिकाण यादीत घालतो. मग विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही कुठंतरी बसवलं जातं. “पाऊण तास पुरे ना, बाई?”

पुरत नाही, हे साध्या भागाकारानं दाखवता येतं. या केंद्रात हाताळून पाहायच्या मांडण्या पाचशेच्या वर आहेत. पाऊण तासात सगळ्या पाहायच्या म्हटलं तर एकेकीच्या वाट्याला पाच-साडेपाच सेकंद येतात. इतर सगळी ठिकाणं सोडून चार तास इथंच घालवले तरी अर्धं मिनिटसुद्धा येत नाही. म्हणजे इथं जायचं ठरवताना काय पाहायचं याच्या आधी काय पाहायचं नाही हे ठरवावं लागतं, आणि तेच कुणाला आवडत नाही. वर्गणी पुरी घेतली आणि मुलांना निम्मंच दाखवलं, असं वाटतं.

मुख्याध्यापकांपुढे मी प्रस्ताव ठेवला की दिवसभरात एकच ठिकाण घ्यायचं. सरांना पहिली काळजी पालकांची होती. “एवढे पैसे घेता आणि एकच ठिकाण दाखवता, असं म्हणतील की!” मी शिक्षणशास्त्र सांगून पाहिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, “सर, एक ठिकाण म्हणजे एक फाटक. हजेरी दोनदाच घ्यायची, आत जाताना आणि बाहेर पडताना.” हे मात्र लगेच पटलं. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहलीची परवानगी हा मुख्याध्यापकांच्या झोपेचा प्रश्न झाला आहे. पाच ठिकाणी मुलं मोजण्यापेक्षा एका ठिकाणी मोजणं सोपं, एवढ्या एका मुद्द्यावर आमची एका ठिकाणाची सहल मंजूर झाली. शाळेत चांगल्या गोष्टी कधीकधी अशा भलत्याच कारणानं होतात. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

परवानगीच्या फायलीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्या शाळांना तोंडपाठ आहे. पालकांची संमतीपत्रं, हमीपत्र, मुलांची यादी, मुलींसोबत महिला शिक्षक, प्रथमोपचार पेटी. गाडी एसटीची, प्रासंगिक कराराची. शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी आगारात वेळेवर जावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत साऱ्या तालुक्याच्या सहली एकदम निघतात आणि तेव्हा गाडी मिळणं मुश्कील. विज्ञान केंद्रातही त्याच दिवसांत खेचाखेच असते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की लगेचचा मंगळवार किंवा बुधवार धरतो. पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही, कारण केंद्राचा अर्धा जीव बाहेरच्या उद्यानात आहे.

त्या उद्यानाचा इतिहास गमतीचा आहे. केंद्राची मुख्य इमारत पुरी होण्याच्या बरंच आधी, १९७७ साली, ‘प्रकाश आणि दृष्टी’ या विषयाचं दालन सुरू झालं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. त्याच वर्षी मुलांसाठी विज्ञान उद्यान उघडलं. झोके, घसरगुंड्या, कप्प्या, आवाजाचे खेळ असं सगळं उघड्यावर, झाडांखाली. पूर्ण केंद्र लोकांसाठी खुलं झालं ते १९८५च्या नोव्हेंबरात. म्हणजे इथं आधी खेळायची जागा तयार झाली आणि इमारत मागून पुरी झाली. मुलांना घेऊन जाताना मीही हाच क्रम ठेवते. सकाळी ऊन कोवळं असताना उद्यान, आणि ऊन चढलं की आत.

जाण्याआधी मी एकटी जाऊन येते, तेही सुट्टीच्या दिवशी नाही. शाळांच्या गाड्या येतात अशा वारी, किरकोळ रजा टाकून. एखाद्या मांडणीपाशी रांग किती लागते, स्वच्छतागृह कुठं आहे, डबे खायला सावली कुठं मिळते, पिण्याचं पाणी कुठं आहे हे गर्दीच्या दिवशीच कळतं. दुसरं कारण म्हणजे इतर शाळा पाहायला मिळतात. एका बाकावर बसून तासभर नुसतं बघितलं तरी पुष्कळ शिकता येतं. मुलं एकामागून एक रांगेत चालतात. पुढचे सर शिट्टी वाजवतात, मागच्या मॅडम “चला, चला” म्हणतात. एखादा मुलगा हँडल धरून उभा राहिला की “हात लावू नकोस, मोडशील!” अशी हाक येते. ज्या जागेवर सगळं हात लावण्यासाठीच ठेवलं आहे, तिथं ही हाक मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता हसूही येत नाही. शिक्षकांचा दोष तरी किती काढायचा? त्यांच्या यादीत पुढची तीन ठिकाणं बाकी असतात.

हात लावायच्या वस्तू मोडतातही, हे खरंच आहे. कुठल्याही अशा केंद्रात गेलात तरी एखादी मांडणी दुरुस्तीला काढलेली असणारच. या प्रकारच्या संग्रहालयांना ज्यानं रूप दिलं त्या फ्रँक ओपनहायमरनं ते धरूनच सान फ्रान्सिस्कोत १९६९ साली ‘एक्सप्लोरेटोरियम’ उभं केलं. हा अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमरचा धाकटा भाऊ. राजकीय संशयावरून विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा कोलोरॅडोत गुरं पाळली, मग तिथल्याच एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. संग्रहालय काढलं तेव्हा मांडण्या बनवण्याचा कारखाना त्यानं पडद्याआड न ठेवता लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवला. करवत चाललेली, वेल्डिंग चाललेलं, मोडलेलं मॉडेल टेबलावर उघडून ठेवलेलं. मांडण्या कशा बनवायच्या याच्या कृतीही त्यांनी छापून काढल्या, म्हणजे कुणालाही त्या आपल्या गावी बनवता याव्यात. गावच्या शाळेत शिकवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर पाचशेतून निवडायचं कसं? मी दहा-बारा मांडण्या निवडते. एका वेळी एकाच मुलाला करता येईल आणि बाकी चाळीस जण बघत राहतील, अशी मांडणी कितीही देखणी असली तरी मी यादीत घेत नाही. बटण दाबलं की दिवे लागतात आणि ध्वनिफीत सुरू होते, तीही घेत नाही. बटण दाबण्यापलीकडे मुलाला तिथं काही काम नसतं. मला ती मांडणी हवी असते जिथं मूल काहीतरी बदलू शकतं आणि बदलल्यावर वेगळं काही घडतं. झोक्याची लांबी बदलली की त्याची लय बदलते, पण झोक्यावर जाडा बसला की बारीक, यानं बदलत नाही. हे मुलांना कधीच खरं वाटत नाही. ते त्यांनी करूनच पाहावं.

झोक्यांची तयारी आम्ही शाळेतच करून जातो. दोऱ्याला दगड बांधायचा आणि घड्याळ लावून मोजायचं. एक मीटर दोरा असेल तर एक पूर्ण हेलकावा साधारण दोन सेकंदांचा होतो. चार सेकंदांचा हवा असेल तर दोरा किती? वर्ग एका सुरात ओरडतो, “दोन मीटर!” दोन मीटरचा करून पाहतात, जमत नाही. तीनचाही जमत नाही. चार मीटर दोरा लावायला वर्गात उंची पुरत नाही, मग व्हरांड्याबाहेरच्या आंब्याच्या फांदीला तो लागतो. असं काही हाताखालून गेलेलं असलं की केंद्रातल्या झोक्यापुढे मुलं ओळखीच्या माणसासमोर उभं राहावं तशी उभी राहतात.

ओळखीचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या क्षेत्रभेटींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जागा अगदीच अनोळखी असेल तर मुलांचं सगळं लक्ष त्या जागेलाच समजून घेण्यात जातं आणि शिक्षकांनी ठरवलेलं शिकणं मागे पडतं, असं त्यांना आढळलं. आमच्या मुलांना तर केंद्र नवं, वरळी नवी, उंच इमारती नव्या आणि समुद्रही नवा. त्यामुळे जायच्या आठवडाभर आधी मी फळ्यावर नकाशा काढते. फाटक कुठं, गाडी कुठं उभी राहणार, बाथरूम कुठं, डबा कुठं खायचा, हरवलात तर कुठल्या झाडाखाली उभं राहायचं. खाऊचे पैसे किती आणायचे आणि ते कुठं खर्च करता येतील, हेही सांगते. यात विज्ञान काहीच नाही असं काही सहकाऱ्यांना वाटतं. पण बाथरूम कुठं आहे या काळजीत असलेल्या मुलीला कप्पी दिसत नाही.

समुद्राचा प्रश्नही आधीच मिटवावा लागतो. मुलं मला विचारत नाहीत, शिपाईमामांना विचारतात, “मामा, समुद्र दाखवणार ना?” पाण्यात उतरणं परवानगीत बसत नाही आणि उतरू द्यायचंही नाही. पण दाखवलाच नाही तर दिवसभर मुलांचं निम्मं मन तिकडेच. म्हणून जातानाच गाडी वरळी सी फेसवरून काढायची. गाडी हळू करायची, सगळ्यांनी एका बाजूला झुकून लाटा बघायच्या, लांबवर सागरी सेतू बघायचा, ओरडून घ्यायचं. हे आधी उरकलं की मग मुलं आत यायला मोकळी होतात.

गाडीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगते. चालकमामांना नुसतं ‘वरळीचं नेहरू’ सांगू नका. वरळीत नेहरू तारांगणही आहे, तेही १९७७ सालचंच, पण ते डॉ. ॲनी बेझंट रस्त्यावर. विज्ञान केंद्र डॉ. ई. मोझेस रस्त्यावर. दोन्ही संस्था वेगळ्या, तिकिटं वेगळी. तारांगणाच्या दारात गाडी लावून विज्ञान केंद्राची पावती दाखवणाऱ्या शाळा असतात.

गट चारचारांचे करते. हुशार-कच्चा अशी जोडी लावत नाही, एकमेकांशी बोलणारी मुलं एकत्र ठेवते. मुलींचे गट वेगळे करते. यावर एक तरुण सहकारी मला म्हणाला होता, “बाई, हे जुनाट नाही का?” मी त्याला म्हटलं, तू उद्यानात पाच मिनिटं उभा राहून बघ. मिश्र गटात दोर मुलाच्या हातात असतो आणि मुलगी वही धरून उभी असते. खुर्चीत बसून स्वतःला वर ओढायच्या मांडणीवर मी आधी मुलींचे गट पाठवते, मुलांची रांग नंतर. हे मी ठरवूनच करते आणि त्यात बदल करायचा माझा विचार नाही.

याच खुर्च्यांपाशी मी सगळ्यात जास्त वेळ ठेवते. कप्प्यांवरून दोर घेतलेल्या खुर्च्या टांगलेल्या असतात. बसायचं आणि स्वतःच दोर ओढून स्वतःला वर न्यायचं. प्रत्येक खुर्चीला कप्प्या कमीजास्त. डोंगरावरच्या ठाकूरवाडीतला एक मुलगा होता. घरी रोज विहिरीवरून पाणी ओढणारा. तो खुर्चीत बसला, दोर ओढला आणि सरसर वर गेला. खाली येऊन म्हणाला, “बाई, विहिरीवरची घागर जडच लागते. तिथं पण कप्पीच आहे. इथं मी एवढा हलका कसा?”

असा प्रश्न पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तिथं नेमकं उत्तर माझ्या जिभेवर येतं आणि ते गिळणं हेच माझं काम. केंद्रातले मार्गदर्शक उत्साही असतात, लगेच सांगायला पुढे होतात. त्यांना मी आत शिरल्या शिरल्या भेटून विनंती करते की मुलांनी विचारलं तरी अर्धा तास काही सांगू नका. बहुतेकांना हे पटतं, काहींना चमत्कारिक वाटतं.

त्या मुलाला मी एवढंच विचारलं, “दोर किती ओढलास?” माझ्या पिशवीत शिंप्याची टेप असते, पण ती लागली नाही. गटातल्या एकानं दोरावर हात धरला आणि त्यांनी हातांनीच मोजलं. एका खुर्चीत हातभर वर जायला दोन हात दोर ओढावा लागत होता. शेजारच्या, जास्त कप्प्यांच्या खुर्चीत चार हात. पहिली खुर्ची जड लागत होती, दुसरी हलकी. मग विहीर? विहिरीवर हातभर दोर ओढला की घागर हातभरच वर येते. यावर मुलांमध्ये बरीच वादावादी झाली. विहिरीवर आपण जमिनीवर उभे असतो, इथं आपणच घागरीत बसलोय, असं एक मुलगी म्हणाली, आणि तिथं सगळे क्षणभर गप्प झाले. खुर्चीचा आणि आपला मिळून भार दोराच्या जितक्या पदरांवर वाटला जातो, तितकं ओढणं कमी होतं आणि तितकाच दोर जास्त हातातून जातो. मला वर्गात हे सांगायला एक तास लागतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

आतल्या दालनांत माझी दुसरी ठरलेली मांडणी म्हणजे हँडल फिरवून दिवे लावायची. मुलं आधी जोरजोरात फिरवतात. मग मी म्हणते, डोळे मिटा. एक जण दिवे चालू-बंद करेल आणि किती दिवे लागलेत हे फिरवणाऱ्यानं नुसत्या हातानं ओळखायचं. एक दिवा जोडला तर हँडल थोडं जड होतं, तीन जोडले तर जास्त जड. सगळे काढले की एकदम मोकळं. वीज काढायला कष्ट पडतात, आणि जेवढी काढू तेवढे पडतात, हे दंडात कळतं. खोपोलीच्या नळांची आठवण इथं मुलांनाच येते, मला करून द्यावी लागत नाही. “बाई, आपल्या वीजघरात हे हँडल पाणी फिरवतं काय?” घाटावरच्या तलावांतलं पाणी नळांतून खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं, हे त्यांनी भूगोलात वाचलेलं असतं. पण मुंबईतले दिवे जास्त लागले की खोपोलीत पाण्याला जास्त जोर लावावा लागत असणार, हा विचार त्या हँडलापाशी पहिल्यांदा डोक्यात येतो.

जेवणानंतर मुलं पेंगतात. मोठीसुद्धा पेंगतात. संग्रहालयात हिंडून येणाऱ्या या थकव्यावर बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ सालीच लेख लिहून ठेवला आहे. आमची मुलं डोंगर चढून शाळेत येतात, तरी गुळगुळीत फरशीवर उभं राहून त्यांचे पाय भरून येतात. म्हणून दुपारी बसून पाहायचा एखादा कार्यक्रम किंवा घुमटावरचा चित्रपट घ्यायचा, तोही आधी सांगून ठेवलेला. त्यानंतर पाऊण तास पूर्ण मोकळा. या वेळात यादी नाही, गट नाही, मी फक्त फाटकाजवळ बसते. काही मुलं परत कप्प्यांच्या खुर्च्यांकडे जातात. काही जुन्या ट्रामभोवती घुटमळतात. मुंबईत १९६४ सालापर्यंत ट्राम धावत होती, हे त्यांना ट्राम बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. काहींना वाफेचं इंजिन किंवा ‘मरुत’ हे भारतात बनलेलं लढाऊ विमान सोडवत नाही. काही जण नुसतेच झाडाखाली बसून शेंगदाणे खातात. तेही चालतं.

कार्यपत्रिकेवरून माझे आणि काही सहकाऱ्यांचे मतभेद आहेत. वीस प्रश्नांची छापील कार्यपत्रिका दिली की मुलं मांडणीकडे न बघता तिच्या शेजारच्या फलकाकडे धावतात, उत्तराची ओळ उतरवतात आणि पुढे पळतात. केंद्राच्या फलकांवरचा मजकूर तर त्यांना नंतरही मिळू शकतो. मी प्रत्येक गटाला एक कोरं पान देते. त्यावर काय बदललं आणि त्यामुळे काय झालं, एवढंच लिहायचं, चित्र काढलं तरी चालतं. मुख्याध्यापकांना अहवालासाठी भरलेल्या कार्यपत्रिका हव्या असतात. त्यांना मी या पानांचा गठ्ठा देते, तो फायलीत छान दिसतो.

खरी पंचाईत परत आल्यावर असते. सहलीचं वर्णन हा निबंध लिहून घेतला की संपलं, अशी शाळांची पद्धत. आम्ही पुढच्या आठवड्यात आंब्याच्या फांदीला दोन कप्प्या बांधतो आणि खुर्चीऐवजी वाळूचं पोतं चढवतो. पोतं ताणकाट्यानं जोखतो, दोराच्या टोकाला ताणकाटा लावून ओढही मोजतो. हिशेब तंतोतंत येत नाही, कारण कप्पीत घर्षण असतं, आणि मग घर्षणावर बोलणं निघतं. अरविंद गुप्तांची पुस्तकं आणि चित्रफिती या कामात फार उपयोगी पडतात. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर भूमितीचे सांगाडे उभारायला त्यांनी अनेक शिक्षकांना शिकवलं आहे. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथं त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

आमच्यासारखं मुंबईजवळ सगळ्यांचं गाव नसतं. विदर्भातल्या शाळांसाठी नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आहे, १९९२ पासून. पुण्याकडच्या शाळांना पिंपरी-चिंचवडचं विज्ञान केंद्र जवळ पडतं, तळकोकणातल्या काही शाळांना पणजीत मिरामारचं. आणि ज्यांना कुठंच जाणं जमत नाही त्यांनी फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या गाडीसाठी आपल्या भागातल्या केंद्राला पत्र लिहावं. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयानं १९६५ साली अशी गाडी पहिल्यांदा काढली. नंतर राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांनी ती प्रथा चालू ठेवली. गाडी शाळेच्या मैदानात येते आणि मुलांना एसटी लागून उलट्या होण्याचा प्रश्नच राहत नाही.

शिक्षक मित्रांना एवढंच सांगेन की यंदाची सहल ठरवायला बसाल तेव्हा यादीतली निम्मी ठिकाणं खोडा आणि जे उरेल तिथं एकदा एकटे जाऊन या. पालकांनी पालकसभेत ‘एकच ठिकाण?’ असं विचारलं तर त्यांनाही बरोबर चला म्हणा. आमच्याकडे दोन आया आल्या होत्या, त्या खुर्चीवरून उतरायला तयार नव्हत्या. आधी एकटं जाऊन येण्यात किरकोळ रजेचा एक दिवस जाईल. तो जाऊ द्या.